पिपचे हात : 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'ची थीम शोधताना

इंग्रजीच्या तासाला कादंबरी संपली, की 'या कादंबरीची थीम काय?' हा प्रश्न येतो आणि वर्ग एका शब्दात उत्तर देतो. प्रेम. पैसा. महत्त्वाकांक्षा. गाईडमध्ये अशा शब्दांची यादीच असते, प्रत्येकाखाली चार ओळी. पाठ करा, लिहा, मार्क घ्या. हेच विद्यार्थी पुढे पीएचडीचा सिनॉप्सिस घेऊन आरआरसीसमोर बसतात आणि 'तुमचा संशोधनप्रश्न काय?' असं विचारलं, की पुन्हा एकच शब्द येतो. नॅनोपार्टिकल्स. जलप्रदूषण. हा विषय झाला, प्रश्न कुठे आहे? समिती तेच विचारते आणि आपण घाम पुसतो.

मी स्वतः विज्ञान शाखेचा. पण मावसबहिणीच्या असाइनमेंटच्या निमित्ताने डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' दोनदा नीट वाचली आणि मला वाटायला लागलं, की संशोधनाची तयारी करणाऱ्याला सरावासाठी यापेक्षा चांगलं मैदान नाही. कारण कादंबरीचा डेटा पूर्ण आहे. ५९ प्रकरणं, सगळी तुमच्यासमोर. सॅम्पल अपुरं होतं, उपकरण बंद पडलं, अशी सबब चालत नाही. तुमचं विधान टिकलं नाही, तर ते तुमच्या विधानामुळे.

आधी अट ठरवू. थीम म्हणजे असं पूर्ण वाक्य, जे चूक ठरू शकतं. 'पैसा' हे चूकही ठरू शकत नाही आणि बरोबरही. 'पैसा पिपला बिघडवतो' हे मात्र तपासता येतं. बहुतेक गाईडं आणि निम्मे शिक्षक हेच वाक्य सांगतात, तेव्हा तेच आधी तपासायला घेऊ.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, दलदलीच्या काठावरच्या गावात पिप नावाचा पोरका मुलगा बहीण आणि मेहुण्याकडे वाढतोय. मेहुणा जो गार्जरी लोहार आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या दफनभूमीत एक पळालेला कैदी पिपला धरतो, आणि घाबरलेला पिप घरातून खाणं आणि जोची कानस चोरून त्याला नेऊन देतो. पुढे मिस हॅविशॅम नावाच्या श्रीमंत बाईच्या घरी खेळायला म्हणून त्याला बोलावलं जातं. तिथे तिची मानलेली मुलगी एस्टेला भेटते. काही वर्षांनी जॅगर्स नावाचा वकील येऊन सांगतो, की कुणीतरी, नाव विचारायचं नाही, पिपला जंटलमन करण्यासाठी पैसा देणार आहे. पिप लंडनला जातो. पैसा मिस हॅविशॅमचा असणार असं धरून चालतो. दुसऱ्या भागाच्या अखेरीस कळतं, की पैसा त्या कैद्याचा आहे. मॅग्विच त्याचं नाव. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्या पाळून त्याने तो कमावलाय.

आता 'पैसा पिपला बिघडवतो' हे वाक्य घ्या. कार्यकारणाची पहिली कसोटी काय? कारण आधी, परिणाम नंतर. पैशाची बातमी येते १८व्या प्रकरणात. पिप बिघडायला कधी लागतो? ८व्या. मिस हॅविशॅमच्या घरी पत्ते खेळताना एस्टेला त्याला हसते, कारण तो पत्त्यातल्या गुलामाला दुसऱ्याच नावाने ओळखतो, त्याचे हात खरखरीत आहेत आणि बूट जाडजूड आहेत. बस, एवढंच. त्यानंतर पिप स्वतःच्या हातांकडे बघतो आणि त्याला ते पहिल्यांदा वाईट वाटतात. काल रात्रीपर्यंत ते नुसते हात होते. घरी आल्यावर तो त्या बंगल्याबद्दल वाट्टेल त्या थापा मारतो, मखमली गाडी काय, कुत्रे काय. मग जोजवळ कबूल करतो, की आपण असे साधे नसतो तर बरं झालं असतं. १४व्या प्रकरणात तर मोठा झालेला पिप स्वच्छ सांगतो, की घराची लाज वाटू लागली होती. भट्टी तीच, जो तोच. आणि खिशात अजून कुणाचा छदामही आलेला नाही.

म्हणजे दहा प्रकरणं आधी परिणाम हजर आहे. तुमच्या प्रयोगात रसायन टाकण्याआधीच रंग बदलला, तर तुम्ही रसायनाला श्रेय द्याल का?

दुसरी कसोटी: पैसा असताना नेहमी वाईटच घडतं का? नाही. पिपच्या हातून घडलेलं सगळ्यात चांगलं काम पैशानेच होतं. मित्र हर्बर्टला कळू न देता तो क्लॅरिकरच्या पेढीत त्याच्यासाठी भागीदारी विकत घेतो. पहिली रक्कम मॅग्विचच्या पैशातून जाते, उरलेले ९०० पौंड मिस हॅविशॅमकडून येतात. शेवटी त्याच पेढीत पिप कारकून म्हणून लागतो आणि पुढे भागीदार होतो. म्हणजे त्याची प्रामाणिक कमाईसुद्धा ज्या फांदीवर बसलीय, ती फांदी कैद्याच्या आणि त्या विक्षिप्त बाईच्या पैशावर वाढलेली. 'पैसा वाईट' म्हणणाऱ्याने हा भाग कुठे ठेवायचा?

माझं पर्यायी वाक्य असं आहे: पिपला बिघडवते ती ज्यांच्या हातांवर तो वाढला त्या हातांची लाज, आणि कादंबरी त्या लाजेच्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवते. आता हे वाक्य मोडायचा प्रयत्न करू.

लाज मोजायची कशी? ती दिसत नाही. विज्ञानात आपण अशा वेळी दिसणारं काहीतरी धरतो, ज्याच्या हालचालीवरून न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज येतो. इथे ते काम हात करतात. एक इशारा मात्र आधीच देतो. कादंबरीची मोफत प्रत नेटवर मिळते, तिच्यात 'हँड' शब्द शोधलात तर शेकडो ठिकाणं सापडतील आणि त्यातली बरीचशी कचरा असतील. 'हँडकरचीफ'मध्येही हँड आहे आणि 'हँडसम'मध्येही. नुसते आकडे मोजून तक्ता काढणाऱ्या माझ्या विज्ञानवाल्या बंधूंनो, सर्च बॉक्सने सापडतात त्या फक्त जागा, आणि प्रत्येक जागा बसून वाचावी लागते. हर्बर्ट पिपला 'हॅन्डेल' म्हणतो, कारण हॅन्डेल या संगीतकाराच्या एका रचनेला लोहाराचं नाव आहे. हा हाताच्या धाग्यात धरायचा की योगायोग म्हणून सोडायचा? मी सोडला. लोहारकीची आठवण हर्बर्ट त्या नावात प्रेमाने जपतो हे खरं, पण शब्दातल्या 'हँड'वर इमारत उभी करावी इतका पुरावा मला दिसत नाही.

जे उरतं ते मात्र भक्कम आहे. पहिल्याच प्रकरणांत पिपची बहीण गावभर मिरवते, की पोराला मी 'बाय हँड' वाढवलं. त्या काळी त्याचा अर्थ अंगावर न पाजता वरच्या दुधावर वाढवणं. छोट्या पिपला मात्र त्याचा एकच अर्थ माहीत आहे, तिच्या हातचा मार. जॅगर्स वकील प्रत्येक अशिलानंतर सुवासिक साबणाने हात धुतो. त्याच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या मॉलीचे व्रण पडलेले मनगट तो पाहुण्यांना मुद्दाम दाखवतो. पुढे एस्टेलाच्या बोटांची विणतानाची हालचाल आठवून पिपला कळतं, की ही मॉलीची मुलगी. म्हणजे जिने त्याच्या हातांना हसून हे सगळं सुरू केलं, तिच्या स्वतःच्या हातांत एका खुनाच्या आरोपातून सुटलेल्या बाईचे हात आहेत. आणि बाप? मॅग्विच. डिकन्स इथे योगायोगाची जरा जास्तच मदत घेतो, पण लाजेच्या हिशेबात ही नोंद फार मोलाची आहे.

सगळ्यात जास्त वेळ थांबावं असं प्रकरण २७वं. जो लंडनला पिपला भेटायला येतो. रविवारचे कपडे घातलेत, टोपी कुठे ठेवावी कळत नाही, शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो आणि ती सारखी पडते. पिपला तो मधेच 'पिप' म्हणतो, मधेच 'सर'. मराठी वाचकाला हे लगेच कळेल: 'अरे' म्हणणारा माणूस अचानक 'अहो' म्हणायला लागला, की काय तुटतं ते. वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही हे प्रकरण नवीन वाटणार नाही. गावाहून कुणीतरी पिशवी घेऊन खोलीच्या दारात उभं राहतं, आत रूममेट बसलेला असतो, आणि पुढची दहा मिनिटं कुणाकडे बघावं कळत नाही.

पण डिकन्सने इथे एक बारीक निरीक्षण ठेवलंय, जे गाईडात मी कुठे पाहिलं नाही. पिप म्हणतो, जोला हर्बर्टने किंवा हर्बर्टच्या वडिलांनी पाहिलं असतं तर मला फारसं काही वाटलं नसतं, त्यांच्याबद्दल मला आदर होता. भीती होती ड्रमलने पाहण्याची. आणि ड्रमल तर त्याला कस्पटासमान वाटतो! म्हणजे ज्याच्या मताला आपण किंमत देत नाही, त्याच्याच नजरेची लाज सगळ्यात जास्त. माझं 'घरच्या हातांची लाज' हे वाक्य इथे थोडं दुरुस्त करावं लागतं. लाज नुसत्या हातांची नाही, ते हात कोण बघतंय याची आहे. ८व्या प्रकरणात बघणारी एस्टेला होती, इथे ड्रमल आहे. आणि पुढे एस्टेला लग्न करते ते याच ड्रमलशी. दोन नजरा एका घरात जातात.

निघताना जो म्हणतो त्याचा आशय असा, की मला भट्टीवर, हातात हातोडा घेतलेला आठव, मग तुला माझ्यात इतकं खटकणार नाही. हे वाक्य गोड आहे आणि मला ते धोक्याचंही वाटतं. कारण यातून सरळ एक अर्थ निघतो: लोहाराने लोहारच राहावं, पिपने वर जायची इच्छा धरली हीच चूक. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाच्या हातात ही कादंबरी असा अर्थ लावून दिली, तर ती कादंबरी त्याच्याविरुद्ध वापरली जाते. म्हणून हे विधान मी सगळ्यात कसून तपासलं.

ते टिकत नाही. पुरावा बिडी. ती गावातलीच गरीब मुलगी, पिपला अक्षरं शिकवणारी, पुढे शाळेत शिकवते. ती शिकली, तिने दुसऱ्यांना शिकवलं, आणि कुणाची लाज बाळगली नाही. ५७व्या प्रकरणात तर जो स्वतः टेबलापाशी बसून पत्र लिहितो, जाड बोटांत पेन धरून, मोठ्या कष्टाने. त्याला लिहायला बिडीने शिकवलंय. हातोड्याचा हात पेन धरतो आणि तरी जोचाच राहतो. शिकणं आणि पुढे जाणं हा या कादंबरीत गुन्हा असता, तर हा प्रसंग इथे असूच शकला नसता. पिप स्वतःही भट्टीवर परत येत नाही. तो कैरोला जाऊन कामाला लागतो, आणि कादंबरी त्याला त्यासाठी बोल लावत नाही.

उलट बाजूही बघा. 'कष्टाचे हात ते चांगले हात' असं कुणी म्हणेल, तर जोच्याच भट्टीवर ऑर्लिक आहे. तोच हातोडा, तीच ऐरण. आणि पिपच्या बहिणीवर मागून वार करणारा हाच. एकट्या ऑर्लिकमुळे ते वाक्य बाद होतं. संशोधनात असा एक नमुना सापडला, की त्याला 'अपवाद' म्हणून तळटीपेत ढकलायचा मोह होतो. ढकलू नका.

मॅग्विच परततो ते ३९वं प्रकरण मला या धाग्याचं टोक वाटतं. तो दोन्ही हात पुढे करतो आणि पिप मागे सरतो. मॅग्विच त्याच्या बोटातली अंगठी बघतो, घड्याळ बघतो, हे सगळं माझ्या कष्टाचं म्हणून हरखतो. तोपर्यंत दोन वेगळे धागे होते: दलदलीत चोरी केल्याचा अपराधीपणा आणि बंगल्यात लागलेली लाज. अपराधीपणा आपण काय केलं याचा असतो, लाज आपण कोण आहोत याची. इथे दोघांची गाठ बसते. ज्या जंटलमनपणासाठी जोची लाज वाटली, तो जंटलमनपणा ज्या हातांनी पोसला ते जोच्या हातांपेक्षाही 'खाली' आहेत.

पुढच्या वीस प्रकरणांत डिकन्स जणू नियंत्रित प्रयोग करतो. मिस हॅविशॅमला आगीतून वाचवताना पिपचे स्वतःचे हात भाजतात. मॅग्विचला नदीतून परदेशी पळवायच्या वेळी तो वल्हीही मारू शकत नाही, फक्त सुकाणू धरतो. मॅग्विच पकडला जातो, त्याची मालमत्ता सरकारजमा होणार हे ठरतं. आता पिपला त्याच्याकडून काहीही मिळणार नाही. आणि नेमक्या याच परिस्थितीत, भर कोर्टात, ३२ जणांना एकदम फाशी सुनावली जात असताना, पिप गर्दीसमोर त्याचा हात धरून उभा असतो. नजरा आहेत, फायदा शून्य, आणि लाज नाही. माझ्या वाक्याला याहून चांगला पुरावा मी मागू शकत नाही.

तरी एक जागा आहे जिथे हिशेब जुळत नाही, आणि तिथे दोष मला डिकन्सचा वाटतो. आजारातून उठल्यावर, जोने त्याचं १२३ पौंड १५ शिलिंग ६ पेन्सचं जवाहिऱ्याचं देणं गुपचूप फेडून टाकल्यावर, पिप ठरवतो की आता गावी जाऊन बिडीशी लग्न करायचं. जशी ती इतकी वर्षं फळीवर ठेवलेली होती. पोचतो तर तिचं आणि जोचं त्याच दिवशी लग्न झालेलं. कादंबरी हा प्रसंग हलका करून सोडते, पिप आनंदाने अभिनंदन करतो. जोच्या बाबतीत स्वतःला इतकं सोलून काढणारा निवेदक बिडीच्या बाबतीत मात्र स्वतःला फार स्वस्तात सोडतो. पूर्वी तिच्यावर मत्सराचा आरोप केला होता, त्याचीही पुरेशी वसुली होत नाही. बिडीला तिची बाजू सांगायला एक प्रकरण मिळायला हवं होतं.

इथे कुणी डिकन्सचं चरित्र पुढे करेल. १८२४ साली, १२व्या वर्षी, वडील कर्जापायी तुरुंगात असताना तो बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता, आणि ही गोष्ट त्याने आयुष्यभर लपवली. त्याच्या मृत्यूनंतर जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ती लोकांना कळली. हातांची लाज त्याला कुठून माहीत होती, हे यावरून समजतं. पण कादंबरीत काय आहे याचा हा पुरावा होत नाही. चरित्रावरून प्रश्न सुचू द्या, उत्तर मात्र पानांवरच शोधा. व्हायवामध्ये हा फरक नक्की विचारतात.

राहता राहिला शेवटाचा वाद. ही कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात क्रमशः आली. डिकन्सने आधी लिहिलेल्या शेवटात पिप आणि एस्टेला लंडनच्या रस्त्यात ओझरते भेटतात आणि कायमचे वेगळे होतात. बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सल्ल्यावरून त्याने तो बदलला, आणि छापलेल्या शेवटात दोघं पडक्या बंगल्याच्या जागेतून एकत्र बाहेर पडतात. मावसबहिणीने विचारलं, हातांच्या धाग्यावरून कुठला शेवट बरोबर ठरतो? मी दोन्ही काढून वाचले. छापलेल्या शेवटात पिप तिचा हात धरतो. जुन्या शेवटात ती गाडीतून म्हणते, की एस्टेलाशीही हात मिळवायला तुला आवडेल असं वाटलं. हात दोन्हीकडे आहे. मला स्वतःला जुना जास्त पटतो, कारण लाजेचा हिशेब जोजवळ पुरा झाला होता आणि एस्टेलाकडून काही वसूल होणं बाकी नव्हतं. पण ही माझी आवड झाली. धागा इथे कुणाच्याच बाजूने कौल देत नाही, आणि असाइनमेंटमध्येही तिने तसंच लिहावं असं मी तिला सांगितलं.